सर्टिफिकेट आले, पण कारखाना पाहिला का?



बारावीचे आणि डिप्लोमाचे निकाल लागले की बँकेत आमच्या काउंटरवर एक ठरावीक गर्दी सुरू होते. एका हातात प्लास्टिकची फाइल, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मागे जरा अंतर ठेवून उभा राहिलेला मुलगा किंवा मुलगी. बाप खिडकीशी वाकून हळूच विचारतो, "साहेब, शिक्षणाचं लोन मिळंल का?" मी काही साहेब नाही, क्लार्क आहे. पण लिंबायत, डिंडोली, नवागामकडचा माणूस पाटीवरचे मराठी आडनाव वाचून माझ्याच खिडकीशी येतो आणि मलाही ते बरे वाटते.

या बापांना कर्जाची माहिती हवी असते, ती मी देतो. बँकांच्या नमुना योजनेप्रमाणे चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला पदरचा वाटा भरावा लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेखाली तारणही मागत नाहीत, आणि हप्ता शिक्षण संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतो. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेज मान्यतेच्या अटीत बसत असेल, तर मधल्या काळातल्या व्याजाला केंद्राचे अनुदान मिळू शकते. ज्यांना ते मिळत नाही त्यांच्या खात्यावर व्याज पहिल्या उचलीपासून चढते. पूर्ण चार लाख उचलले आणि दर दहा टक्के धरला, तर वर्षाचे चाळीस हजार झाले. डाइंग मिलमध्ये बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला हा आकडा किती मोठा आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

कर्ज मिळते, प्रवेश होतो, पेढे वाटले जातात. पुढे चार वर्षे घरात कोणी काही विचारत नाही. शेवटच्या वर्षी कंपन्यांच्या मुलाखती सुरू झाल्या की मुलगा तोंड पाडून घरी येतो. सांगतो, सगळे अनुभव मागतात. शिकणाऱ्या मुलाकडे अनुभव कुठून येणार, असे आपण चिडून म्हणतो आणि विषय तिथेच संपवतो. तो संपवू नये, म्हणून हा लेख.

गोष्ट माझ्या घरातलीच आहे. माझा पुतण्या मेकॅनिकल शाखेत होता. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात कॉलेजने इंटर्नशिप करून या असे सांगितले. कोणी तरी मित्राने एका संस्थेचे नाव सुचवले. पाच हजार रुपये भरले, घरी बसून मोबाईलवर काही व्हिडिओ पाहिले, पंधरा दिवसांनी सोनेरी शिक्क्याचे सर्टिफिकेट आले. वहिनींनी ते फ्रेम करून देवघराशेजारी लावले. पुढे मुलाखतीत समोरच्या माणसाने साधा प्रश्न विचारला: जिथे इंटर्नशिप केलीस तिथे कोणते मशीन होते, आणि ते बंद पडले की पहिल्यांदा काय तपासायचे? पोराला उत्तर देता आले नाही. कसे येणार, मशीन त्याने पाहिलेच नव्हते. आणि हा मुलगा लहानाचा मोठा कुठे झाला? ज्या गल्लीत रात्री दोन वाजतासुद्धा लूमची खडखड थांबत नाही, त्या गल्लीत.

मी भावाला म्हटले, "दादा, तुमच्या मिलमध्येच त्याला पंधरा दिवस का नाही नेलं?" भाऊ पांडेसऱ्यात स्टेंटरवर आहे. बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्या भट्टीत माझं पोर येऊ नये म्हणून तर त्याला शिकवलं. आता मीच हात धरून आत नेऊ?"

या उत्तरापुढे माझे तोंड बंद झाले. आजही त्यावर माझ्याकडे झटकन देण्यासारखे उत्तर नाही. आपल्यातली बहुतेक घरे ताप्ती व्हॅली रेल्वेने खानदेशातून इकडे आली. कोणी बहात्तरच्या दुष्काळानंतर, कोणी त्याही आधी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची शेती आटली आणि सुरतेच्या लूमने पोट भरले. पहिल्या पिढीने खात्यात काम केले, दुसरी पिढी मिलमध्ये फिटर, जॉबर, मास्टर झाली, आणि तिसऱ्या पिढीने मिलचे तोंड पाहू नये हे घराघरात न बोलता ठरले. आपल्या दृष्टीने मिल म्हणजे जे मागे टाकायचे ते. म्हणून मुलगा इंजिनिअर होतो, पण मशीनपासून लांब ठेवलेला इंजिनिअर होतो. बापाचे प्रेमच त्याच्या आड येते.

पण जरा थांबून बघा, भाऊ जिथे उभा असतो ते काय आहे. स्टेंटरमध्ये कापड दोन्ही कडांनी पिनांवर किंवा चिमट्यांवर ताणून धरतात आणि गरम हवेच्या एकामागून एक कप्प्यांतून नेतात. पॉलिस्टर असेल तर १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची ठेवण पक्की होते. ती उष्णता थर्मोपॅकमधल्या गरम तेलातून येते. त्याआधी जेट मशीनमध्ये हेच कापड दाबाखाली १३० अंशांच्या पाण्यात रंगलेले असते. उष्णता कशी वाहते, दाब वाढला की पाणी शंभर अंशांवर का उकळत नाही, पंख्याची हवा कप्प्यात सगळीकडे सारखी का पोहोचत नाही, हे सगळे मुलाच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे. मुलगा सूत्रे पाठ करतो. बापाला सूत्र येत नाही, पण बेअरिंग खराब होत आले की त्याला आवाजावरून दोन दिवस आधी कळते. मोठ्या कारखान्यांत हेच काम कंपन मोजणारी यंत्रे लावून करतात आणि त्यासाठी इंजिनिअर नेमतात. एकाच घरात, एकाच ताटाशी जेवणाऱ्या या दोन माणसांनी यावर कधी एकमेकांशी चकार शब्द काढलेला नसतो!

आता नियम काय सांगतो ते पाहू. तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात इंटर्नशिपवर भर दिला. त्याच सुमारास गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीने चौथ्या आणि सहाव्या सेमिस्टरनंतरच्या सुट्टीत दोन-दोन आठवडे आणि आठव्या सेमिस्टरला बारा आठवडे अशी तरतूद केली. अभ्यासक्रम बदलत राहतात, त्यामुळे तुमच्या मुलाला नेमके काय लागू आहे ते त्याच्या विभागातच विचारावे. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्याला शेवटच्या बारा आठवड्यांसाठी चांगली जागा हवी, त्याने पहिल्याच वर्षाच्या सुट्टीत कुठे तरी पाय ठेवलेला असावा. पहिल्या वर्षी मुलाला काही येत नसते, हे खरे. मालकालाही ते ठाऊक असते, आणि म्हणूनच त्या वर्षी चुकायला मोकळीक असते. शेवटच्या वर्षी तीच चूक नोकरी घालवते.

एक गैरसमज मात्र आत्ताच दूर करतो, कारण काउंटरवर तो रोज भेटतो. पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. महिना पाच हजार आणि सुरुवातीला एकदाच सहा हजार, मोठ्या पाचशे कंपन्या, हे ऐकून पालक धावत येतात. पण सुरू झाली तेव्हाच्या अटींप्रमाणे ती २१ ते २४ वयाच्या आणि पूर्णवेळ शिक्षण चालू नसलेल्या तरुणांसाठी होती. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या मुलाला तिचा उपयोग नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली पदवीधर आणि डिप्लोमा इंजिनिअरांना विद्यावेतनावर मिळणारी जागासुद्धा शिक्षण संपल्यानंतरची. कॉलेज चालू असताना जी पहिली इंटर्नशिप मिळते ती बहुधा कुठल्याही योजनेतून येत नाही. कोणाच्या तरी दारात जाऊन मागावी लागते, आणि बहुतेक वेळा ती बिनपगारी असते. पण ती मिळवण्यासाठी पैसे भरावे लागत असतील तर ती इंटर्नशिप नव्हेच. तो कागद विकण्याचा धंदा आहे. एवढे तरी या अंकातून प्रत्येक घरी पोहोचावे.

शिकता शिकता कारखान्यात उभे राहायचे ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने १९०६ साली २७ विद्यार्थी घेऊन ती पद्धत सुरू केली: काही दिवस वर्गात, काही दिवस कारखान्यात, पुन्हा वर्गात. पण एवढे लांब कशाला जायचे? आपल्या सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन काढले ते कशासाठी? कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड मिळावी आणि तीही मातृभाषेतून मिळावी, यासाठी. त्या कलाभवनाची उभारणी करणारे त्रिभुवनदास गज्जर हे मूळचे सुरतेचे, रसायनशास्त्राचे आणि रंगाईचे जाणकार. मराठी राजा आणि सुरती गुरू यांनी मिळून रंगाईचे शास्त्र शिकवले, आणि आज त्याच सुरतेत आपली मुले रंगाईच्या मिलला नाक मुरडतात. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले हे पुष्कळांना माहीत असते. तिथे छापाई, रंगाई, यंत्रे हाताने शिकवत हे मात्र आपण विसरलो. पुढे ते सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशाखेचा भाग झाले.

आणि ज्यांच्या नावाने आपण १५ सप्टेंबरला अभियंता दिन साजरा करतो ते विश्वेश्वरय्या? पुण्याच्या सायन्स कॉलेजातून परीक्षा देऊन १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले, आणि अगदी सुरुवातीच्या कामांत त्यांनी आपल्या धुळ्याकडच्या पांझरा नदीवर एक नळाचा सायफन बांधला. धरणे, कारखाने, दिवाणपद सगळे नंतरचे. आधी खानदेशातल्या नदीचा चिखल.

आता प्रश्न येतो, जायचे कुठे. पालक म्हणतात, हजिऱ्याच्या मोठ्या कंपनीत आपली ओळख नाही. नसू द्या. तिथे दुसऱ्या वर्षाच्या मुलाला ओळख असली तरी बहुधा फिरवून आणतील, हात लावू देणार नाहीत. पहिल्या इंटर्नशिपला लहान जागा चांगली, कारण लहान जागी माणसे कमी असतात आणि सगळी कामे डोळ्यांसमोर होतात. एक मेंटेनन्स फिटर मोटरही उघडतो, पॅनलही पाहतो आणि वेळ पडली तर पंपाचे ग्लँडही बदलतो. त्याच्यामागे दोन आठवडे वही घेऊन फिरलेला मुलगा वर्गातल्या कितीतरी मुलांच्या पुढे जातो.

सिव्हिलच्या मुलांना तर या शहरात जागांचा तोटाच नाही. सुरत मेट्रोचे भूमिपूजन जानेवारी २०२१ मध्ये झाले, दोन मार्गिका मिळून चाळीस किलोमीटरच्या वर. तिथे नाही तर कोपऱ्यावरच्या सात मजली इमारतीच्या साइटवर जावे. काँक्रीटचे ठोकळे सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी का फोडतात, हे तिथला सुपरवायझर दहा मिनिटांत दाखवतो. इलेक्ट्रिकलच्या मुलाने एखाद्या लूमखात्याची बारा महिन्यांची विजेची बिले मागून घ्यावीत आणि पॉवर फॅक्टर कधी घसरला ते काढावे. मालकाचे पैसे वाचवणारी एक ओळ जरी त्यातून निघाली, तरी पुढच्या वर्षी मालक स्वतः फोन करील. वॉटरजेट लूम पाण्याच्या फवाऱ्याने बाणा ओढतात, म्हणजे पाणी, पंप आणि गाळ यांचा प्रश्न आलाच. एम्ब्रॉयडरी मशीनला इलेक्ट्रॉनिक कार्ड असते. ते बिघडले की दुरुस्तीवाला येईपर्यंत मशीन बंद राहते. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी या दुरुस्तीवाल्यांच्या दुकानात बसावे. तिथे पाटी लहान असते आणि काम मोठे.

आणि मीठी खाडी! दर पावसाळ्यात तिचे पाणी आपल्या घरात येते तेव्हा आपण नगरसेवकाला फोन करतो. त्या पाण्याचा हिशेब शिकणारा एक तरी मुलगा आपल्यातून तयार व्हावा, असे आपल्याला वाटत नाही का? आपल्या बाजूलाच आंजणा येथे महापालिकेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. तिथे मैल्यातून निघणाऱ्या वायूवर वीज तयार करण्याचे काम या शतकाच्या सुरुवातीलाच झाले. बमरोलीला २०१४ साली सांडपाणी पुन्हा शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना देण्याचा प्रकल्प आला, दिवसाला चार कोटी लिटरचा. बाहेरगावचे लोक मुद्दाम ते पाहायला येतात. आपली मुले त्याच रस्त्याने कॉलेजला जातात आणि भिंतीपलीकडे काय आहे ते त्यांना माहीत नसते.

मागायचे कसे, हेही जरा सांगतो, कारण इथे आपली मुले फार संकोची आहेत. मराठी शाळेत शिकलेले पोर इंग्रजी अर्ज लिहायच्या भीतीनेच घरी बसते. शेठला इंग्रजी अर्ज नको असतो. कॉलेजचे बोनाफाईड, विभागप्रमुखांचे चार ओळींचे पत्र, आणि तोंडाने स्वच्छ गुजरातीत सांगता आले पाहिजे की मी अमुक वर्षात आहे, मला पंधरा दिवस तुमचे अमुक खाते पाहायचे आहे, पगार नको, कामात अडथळा आणणार नाही, शेवटी काय शिकलो ते लिहून दाखवीन. आपली मुले गुजराती आणि हिंदी सहज बोलतात, मराठी तर घरचीच. ही पुंजी आपण पुंजी म्हणून कधी मोजलीच नाही. एका दारात नकार मिळाला तर दुसरे दार. बँकेत मी पाहतो, ठेव मागायला निघालेला एजंट दहा घरे फिरतो तेव्हा एक खाते उघडते.

वेळेचे एक गणित मात्र सुरतेचे स्वतःचे आहे. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ म्हणाल तर लूम आणि मार्केट बंद, कारागीर गावी. म्हणजे राहिला उन्हाळा. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे काय असते? लग्नसराई! अमळनेरला मामाच्या मुलीचे लग्न, शिंदखेड्याला चुलत भावाची हळद, नवापूरला साखरपुडा. महिनाभर कुटुंबच्या कुटुंब गाडीत बसते. मुलगा गेला नाही तर आत्या रुसते. मला विचाराल तर हळदीला आई-वडिलांनी जावे आणि मुलाने लग्नाच्या दिवशी सकाळच्या गाडीने यावे, रात्रीच्या गाडीने परतावे. आत्याची समजूत मी घालीन.

याच लग्नसराईत आणखी एक धोका आहे. कारागीर गावी गेलेले असतात, खात्यात माणसे कमी असतात. अशा वेळी शिकायला आलेल्या मुलाला बदली कामगार म्हणून उभे केले जाऊ शकते. चार दिवस हातभार लावला तर काही बिघडत नाही, त्यानेही शिकायला मिळते. पण पंधराच्या पंधरा दिवस ताकेच उचलायला लावले तर मुलाने तसे घरी सांगावे आणि दुसरी जागा पाहावी. अठरा वर्षे पूर्ण नसतील तर चालत्या यंत्रावर मुळीच जाऊ नये. ढगळ कपडे, ओढणी, मोकळे केस, चप्पल घालून लूमजवळ जाऊ नये, आणि फिटर सोबत नसताना कोणत्याही पॅनलला बोट लावू नये. हे मी बँकेत खुर्चीवर बसणारा माणूस सांगतो आहे, पण आपल्या वस्तीत बोट गेलेले, पंजा गेलेले हात कोणी पाहिलेले नाहीत?

मुलींविषयी वेगळे बोलायला हवे. इंजिनिअरिंगला आपल्या मुली आता पुष्कळ जातात आणि गुणांत मुलांच्या पुढे असतात. पण इंटर्नशिपची वेळ आली की आई म्हणते, मिलमध्ये नको, सगळे पुरुष असतात. ही काळजी मी खोटी ठरवणार नाही. पण त्यावर "मग ऑनलाइन कर" हे उत्तर नाही, कारण मग तीही माझ्या पुतण्याच्या सर्टिफिकेटापाशीच येऊन थांबते. दोन-तीन मुलींनी मिळून एकाच ठिकाणी जावे. कापड तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत. मानवनिर्मित धाग्यांवर संशोधन करणारी 'मंत्रा' ही संस्था सुरतेतच १९८१ पासून आहे. तिथे आणि महापालिकेच्या पाणी तपासणीच्या कामात विचारून पाहावे. आणि ज्या मिलमध्ये बाप, काका किंवा मामा कामाला आहे, तिथे मुलगी त्यांच्याच पाळीत गेली तर कोणाची हिंमत आहे वाकडे बघायची?

कॉम्प्युटरच्या मुलांना यातले काही लागू नाही असे त्यांना वाटते. त्यांना मी एवढेच सांगीन की रिंगरोडच्या मार्केटमधल्या एखाद्या लहान व्यापाऱ्याकडे जाऊन बसा आणि त्याचा माल, परत आलेला माल आणि उधारी यांचा हिशेब तो कसा ठेवतो ते पाहा. अनेकांचे अर्धे काम आजही वहीत आणि अर्धे व्हॉट्सअॅपवर चालते. त्याचा एक चालणारा प्रोग्राम करून दिलात तर मुलाखतीत बोलायला तासभर पुरेल. ज्यांना घरी बसूनच काम करायचे आहे त्यांनी खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पांत हात घालावा. गुगलचा समर ऑफ कोड उपक्रम २००५ पासून चालू आहे, त्याला फी नाही, उलट मानधन मिळते. पण तिथे काम तपासून घेतात, सोनेरी शिक्का देत नाहीत.

आता जरा आपल्याच मोठ्या मंडळींकडे वळतो. राग मानू नये. आपल्या समाजात आज लूमखात्याचे मालक आहेत, जॉबवर्क घेणारे आहेत, मिलमध्ये मास्टर आहेत, बांधकामाचे ठेकेदार आहेत. गणपतीची वर्गणी मागायला गेलो तर हात आखडत नाहीत. पण "आप्पा, अमक्याच्या पोराला पंधरा दिवस खात्यात उभं राहू द्या" असे म्हटले की कपाळाला आठी पडते. उद्या इजा झाली तर जबाबदारी कोणाची? हिशेब बाहेर गेला तर? आपल्याच जातीचा म्हणून काही बोलताही येत नाही. यातली पहिली शंका रास्त आहे. तिच्यासाठी कॉलेजचे पत्र, पालकांची सही आणि मुलाचा अपघात विमा घ्यावा. बँकेत वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा सरकारी अपघात विमा मिळतो, मुलाचे खाते मी उघडून देतो. बाकीच्या शंका आपल्याच मनातल्या आहेत. बाहेरच्या शेठने आपल्या वडिलांना काम शिकवले तेव्हा त्यांनी जात विचारली नव्हती.

राजकारणाचेही बोलू, कारण हे पत्रक त्यासाठीच निघते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर लिंबायत हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाला. २०१२, २०१७ आणि २०२२ या तिन्ही वेळा इथून संगीताताई पाटील निवडून आल्या. नवसारी लोकसभेतून सी. आर. पाटील २००९ पासून चार वेळा गेले आणि २०२४ मध्ये केंद्रात जलशक्ती मंत्री झाले. महापालिकेत आपली माणसे बसली. मराठी माणसाला सुरतेत कोणी विचारत नाही, ही तक्रार आता शोभत नाही. मग आपण या सगळ्यांकडे काय मागितले? रस्ता, गटार, समाजाची वाडी, चौकाला नाव. हे सगळे मागावेच. पण महापालिकेच्या ड्रेनेज, पाणीपुरवठा आणि पूल विभागात दर उन्हाळ्यात या भागातल्या इतक्या विद्यार्थ्यांना दोन आठवडे घ्या, त्यांची यादी उघड लावा, ओळखीवर नव्हे तर अर्जाच्या क्रमाने घ्या, असे निवेदन आपण आजपर्यंत एकदाही दिलेले नाही. मागितले नाही ते मिळाले नाही म्हणून नेत्यांना दोष देता येत नाही. यावेळी मते मागायला जो कोणी येईल, कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्यापुढे ही मागणी लेखी ठेवायची असे कार्यकारिणीत ठरले आहे. निवेदनाचा मसुदा याच अंकात आतल्या पानावर आहे. सह्या जितक्या जास्त तितके बरे.

पुतण्याचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. सहाव्या सेमिस्टरनंतरच्या सुट्टीत शेवटी भावानेच त्याला मिलमध्ये नेले, स्टेंटरवर नव्हे तर मेंटेनन्स खात्यात, एका म्हाताऱ्या फिटरच्या हाताखाली. पहिले तीन दिवस पोरगा उष्णतेने घाबरा होऊन घरी यायचा. चौथ्या दिवशी जेवताना बापाला म्हणाला, "पप्पा, तुमच्या तिसऱ्या चेंबरचा पंखा कमी हवा टाकतो, म्हणून कापडाच्या एका कडेला शेड वेगळी येते." भाऊ म्हणाला, ते मला सहा महिन्यांपासून माहीत आहे, पण ऐकतो कोण? दुसऱ्या दिवशी पोराने आकडे मांडून ते मास्टरला दाखवले. पंखा बदलला की नाही ते मला माहीत नाही. त्या रात्री मात्र दोघे ओट्यावर अकरा वाजेपर्यंत बोलत बसले होते, एवढे वहिनींनी सांगितले.

मंडळाच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी स्वतः एक वही घेऊन बसणार आहे. एका बाजूला, ज्यांना जागा हवी त्या विद्यार्थ्यांची नावे, शाखा आणि सेमिस्टर. दुसऱ्या बाजूला, ज्यांना आपल्या खात्यात, साइटवर किंवा दुकानात एखाद्या मुलाला उभे करता येईल त्यांची नावे. विद्यार्थ्यांनी येताना कॉलेजचे बोनाफाईड आणि आधारची झेरॉक्स आणावी. पालक सोबत नसले तरी चालेल, मुलाने स्वतः बोलावे.